आधी भिंतीकडे बघ

अगं, तो नवा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, आधी कार्टमधून काढ बघू. चार दिवसांनी घेतलास तरी तो तिथेच असेल. आज घाईनं मागवलास आणि दोष भलतीकडेच निघाला, तर तुझे पाच-सहा हजार अडकून पडतील. खोका फोडून वापरलेला पार्ट परत घ्यायला कुणी सहजासहजी तयार होत नाही.

तुझा निरोप नीट वाचला. फॅन फिरतात, कॅबिनेटमधले दिवे लागतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. गणपतीत तुम्ही सगळे गावी होतात, परत आल्यापासून हे असं. जायच्या आदल्या रात्रीपर्यंत मशीन छान चालत होतं. आणि अगदी शेवटी, जाता जाता तू लिहिलंस, की कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की कधीकधी मुंग्या येतात. तुझा मित्र म्हणतो एसएमपीएस गेला. तुला सगळ्यात किरकोळ वाटलेली ती मुंग्यांची ओळच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

पण त्याआधी एक भीती मनातून काढून टाक. तुझं काम गेलेलं नाही. प्रोजेक्टच्या फाइली, फोटो, सगळं एसएसडीवर आहे, आणि डिस्प्ले न येण्याशी एसएसडीचा बहुतेक वेळा काहीच संबंध नसतो. अगदीच वेळ आली तर ती एम.२ ची पट्टी काढून यूएसबीच्या एन्क्लोजरमध्ये घालायची आणि काकांच्या लॅपटॉपला लावायची. एक मात्र आजच कर. विंडोजनं ती पट्टी आपोआप एन्क्रिप्ट केलेली असू शकते. तसं असेल तर बायॉस रीसेट केल्यावर किंवा पट्टी दुसरीकडे लावल्यावर ते बिटलॉकरची रिकव्हरी की मागतं. फोनवरून तुझं मायक्रोसॉफ्टचं खातं उघड, की तिथे आहे का बघ आणि कागदावर उतरवून ठेव. काम बुडेल या धास्तीनंच माणसं रात्री एक वाजता नको ते विकत घेतात, म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

आता भिंतीकडे वळू. मशीन उघडण्याआधी ते ज्या सॉकेटला लावलंय ते तपासायचं, हा माझा नियम आहे, आणि आपल्या उपनगरांत तर मी तो कधीच मोडत नाही. घाटकोपरच्या जुन्या चाळी घे, मुलुंडच्या चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्या घे, आमच्या बोरिवलीतल्या तीन मजली बिल्डिंगा घे. मूळ वायरिंग बांधकामाच्या वेळचं असतं. मग कुणीतरी घर नवं करताना भिंतीवर सुंदर बोर्ड बसवतं, त्यावर तीन भोकांचं सॉकेट, पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची वायरच ओढलेली नसते. बाहेरून थ्री-पिन, आतून टू-पिन. मिक्सर चालतो, टीव्ही चालतो, त्यामुळे कुणाला काही कळत नाही. कॉम्प्युटर घरात आला की कळतं.

का, ते समजून घे, म्हणजे घाबरणार नाहीस. एसएमपीएसमध्ये वीज आत येते तिथेच तिच्यातला खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा थोडासा करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्याच्यावर २३० च्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब चढून बसतो. करंट फार कमी असतो, म्हणून झटका न बसता नुसत्या मुंग्या येतात. टेस्टर लावलास तर मिणमिणता पेटेल. चांगल्यातला चांगला एसएमपीएस आणलास तरी त्या सॉकेटवर हेच होणार. म्हणजे मुंग्या येतात म्हणून एसएमपीएस बदलायला निघणं, हे दुखणं एकीकडे आणि खर्च दुसरीकडे झालं.

हे नुसतं त्रासदायक नाही, धोक्याचंही आहे. अधांतरी पत्र्याचं मशीन चालू असताना त्याला दुसऱ्या सॉकेटवरचा टीव्ही एचडीएमआयनं जोडलास किंवा केबलवाल्याची वायर लागलेला सेट-टॉप बॉक्स जोडलास, तर जोडण्याच्या क्षणी तो दाब त्या नाजूक पोर्टमधून वाट काढतो. पोर्ट जातात ते असे. आणि एसएमपीएसच्या आत खरोखरच काही तुटलं, तर पत्र्यावर सबंध २३० व्होल्ट येऊ शकतात आणि ते वाहून न्यायला वाटच नसते. मावशी त्याच टेबलाखाली ओल्या फडक्यानं फरशी पुसते, हे विसरू नकोस.

तेव्हा उद्या इलेक्ट्रिशियनला बोलाव. तो मीटरनं मोजत असताना शेजारी उभी राहा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या जवळपास, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट यायला हवेत. फेज-अर्थमध्ये चाळीस, साठ, ऐंशी असं काहीतरी दिसलं, तर अर्थिंग नावालाच आहे. एका गोष्टीला मात्र ठाम नकार दे. काही जण सोपं म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात. मुंग्या थांबतात, गिऱ्हाईक खूश होतं. पण पुढे कधी न्यूट्रल तुटला तर सबंध फेज तुझ्या कॅबिनेटवर येईल. नळाच्या पाइपला अर्थ जोडणंही तसंच, तिथे तर शेजाऱ्यांचाही जीव धोक्यात. मीटरपर्यंतचं काम वीज कंपनीचं, मग ती आमच्याकडची अदानी असो की तुमच्या मुलुंडची महावितरण. मीटरच्या अलीकडचं सोसायटीचं आणि आपलं. सोसायटीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं कुणी पाणीसुद्धा घातलेलं नसतं. काकांना सांग, पुढच्या मीटिंगमध्ये विषय काढा. सगळ्या बिल्डिंगचं भलं होईल.

स्पाइक गार्डवर भिस्त ठेवू नकोस. अर्थिंग नसेल तर त्याचं बरंचसं काम होतच नाही. यूपीएस घ्यायचा झाला तर खोक्यावरचा ६०० हा आकडा व्हीएचा असतो. प्रत्यक्षात त्यातून साधारण ३६० वॉट मिळतात. ग्राफिक्स कार्डवर गेम चालू असताना लाइट गेली तर असा यूपीएस तुझ्या मशीनचा भार पेलेलच असं नाही. आणि लाइट गेली की मशीनचं बटण भिंतीवरून बंद करायची सवय लाव. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड कोसळून सगळी मुंबई ठप्प झाली होती, तू तेव्हा शाळेत होतीस, ऑनलाइन वर्ग मध्येच बंद पडला असेल. अशा वेळी वीज परत येताना थोडी लुकलुकते, दोन-तीनदा ये-जा करते. ती स्थिर झाली की पाचेक मिनिटांनी लावावं.

आता मशीन उघडू. परदेशी व्हिडिओंत सांगतात, की प्लग लावलेला ठेवा, नुसतं मागचं बटण बंद करा, म्हणजे अर्थिंगमुळे अंगातली स्टॅटिक जाईल. ज्या घरात अर्थिंगचाच भरवसा नाही तिथे हे ऐकू नकोस. आपल्या भिंतीवरचं बटण एकच वायर तोडतं. कुणी फेज-न्यूट्रल उलटसुलट जोडले असतील तर बटण बंद असूनही फेज आत पोहोचलेला असतो. प्लग पूर्ण उपसून काढ, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर म्हणजे उरलेली वीज निघून जाईल, मग उघड्या पत्र्याला हात लावून कामाला लाग. एसी बंद ठेव. आपल्या दमट हवेत स्टॅटिक तशी कमीच होते, एसीत कोरडी हवा झाली की वाढते. आणि एसएमपीएसचा डबा कधीही, कुठल्याही कारणानं उघडायचा नाही. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहतात. बाकी मशीनमध्ये बारा व्होल्टच्या वर काही नाही, तिथे बिनधास्त हात घाल.

काही उपसण्याआधी फोननं फोटो काढ. चारी बाजूंनी.

तुझ्या मशीनमध्ये रायझन ५ ५६०० आहे. या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही. म्हणजे मदरबोर्डवरच्या एचडीएमआयला मॉनिटर लावलास तर काहीही झालं तरी चित्र येणार नाही. गावी जाताना तुम्ही वायरी काढून टेबल भिंतीला सरकवलं होतं ना? मग केबल परत ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे का, हे खाली वाकून डोळ्यांनी बघ, आठवणीवर जाऊ नकोस. मॉनिटरचा इनपुट बरोबर निवडलाय का, तेही.

ते ठीक असेल तर बोर्डवर चार बारीक दिवे शोध. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट, अशी अक्षरं शेजारी असतात. सगळ्या बोर्डांवर नसतात, पण अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर असतात. मशीन लावल्यावर ते एकेक करून पेटतात आणि विझतात. जो पेटून राहील, तिथे बोर्ड अडकला. तो दिवा दोषी पार्टचं नाव सांगत नाही, तपासणी कुठे थांबली एवढंच सांगतो, पण त्यानं निम्मं काम होतं.

माझा अंदाज विचारशील तर तुझा डीरॅमचा दिवा पेटलेला असेल. भाद्रपदातली हवा, खिडक्या बंद, घर बंद, मशीन थंडगार पडलेलं. रोज चालणारं मशीन स्वतःच्या उष्णतेनं आतला ओलावा उडवत असतं. बंद पडून राहिलं की तो ओलावा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटच्या बारीक स्प्रिंगांवर बसतो, तिथे आधीच धुळीचा थर असेल तर बघायलाच नको. वर्सोव्यासारख्या समुद्राजवळच्या घरांत खारं वारंही त्यात भर घालतं. गणपती आणि मे महिन्याची सुट्टी संपली की ‘डिस्प्ले जात नाही’ म्हणून मला फोन येतात, आणि त्यातले बरेच जण रॅम काढून पुन्हा बसवली की मार्गी लागतात.

तेव्हा दोन्ही रॅम काढ. पट्ट्या पांढऱ्या मऊ खोडरबरनं हलक्या हातानं पूस, चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नकोस. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर कापसाच्या काडीनं पुसलेलं अधिक बरं. औषधाच्या दुकानात विचार. थिनर, कोलोन, हँड सॅनिटायझर चालणार नाही. मग एकच रॅम घे आणि प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये बसव. बोर्डवर त्याला बहुतेक ए२ लिहिलेलं असतं. नीट बसली की खट् आवाज येतो. तुला वाटेल त्यापेक्षा जरा जास्त जोर लागतो. मुली इथे हात आखडता घेतात कारण लहानपणापासून ‘हळू, मोडशील’ ऐकलेलं असतं. मोडत नाही. खाच जुळली आहे ना ते बघ आणि दोन्ही टोकांवर सारखा जोर दे.

सुरू कर, दोन मिनिटं थांब. नाही आलं तर बंद कर, प्लग काढ, तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये. मग दुसरी रॅम. दर वेळी एकच बदल. रॅम बदलली, बायॉस रीसेट केला, कार्ड हलवलं आणि मशीन उठलं, तर तुला काहीच कळलेलं नसतं. तीन औषधं एकदम घेतली तर ताप कशानं उतरला ते कसं कळणार? आणि ते पंधरा दिवसांनी पुन्हा बंद पडलं की तू परत पहिल्या पायरीवर. वहीत लिही: काय बदललं, कुठला दिवा पेटला, किती वेळ थांबलीस. कंटाळवाणं वाटेल, पण ही वही पुढे दुकानात तुझ्या फार कामी येणार आहे.

नुसत्या रॅमनं भागलं नाही तर बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी बघ, सीआर२०३२ नावाची, तीन व्होल्टची. प्लग लावलेला असताना बोर्ड घड्याळासाठी एसएमपीएसकडून वीज घेतो, म्हणून अशक्त झालेली बॅटरी रोजच्या वापरात लक्षातच येत नाही. दहा दिवस प्लग काढून ठेवला की सगळा भार तिच्यावर, आणि ती मान टाकते. तुमची दहा दिवसांची सुट्टी इथेही आडवी आलेली असू शकते. प्लग काढून बॅटरी काढ, पाच-दहा मिनिटांनी नवी घाल. चांगल्या कंपनीची घे, गल्लीच्या घड्याळवाल्याकडेही मिळते. यानं बायॉसही रीसेट होतो, रॅमचा वेग मूळ आकड्यावर येतो, तारीख मागे जाते. म्हणूनच ती रिकव्हरी की आधी उतरवून ठेवायला सांगितली. तुझ्या मैत्रिणीचं मशीन डीडीआर५ चं आहे, तिला सांगून ठेव, की रीसेटनंतर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं, कधी दहाच्याही पुढे, काळाच राहतो. रॅमची जुळवाजुळव चाललेली असते. माणसं घाबरून मधेच बटण दाबतात आणि ती जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

एवढ्यावर नाहीच झालं तर कार्ड काढून परत बसव आणि त्याची वायर पूर्ण आत गेली आहे ना ते बघ. बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरची आठ पिनांची स्वतंत्र वायर असते, ती सैल असेल तरीही फॅन फिरतात, दिवे लागतात आणि चित्र येत नाही. मशीन मुळी सुरूच होत नसतं तर मी तुला एसएमपीएस एकटा तपासायला सांगितलं असतं, त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळ्या वायरीशी जोडून. त्या तपासणीत तो चालू झाला म्हणजे इतकंच कळतं, की चालू होतो. भार पेलतो की नाही हे त्यातून कळत नाही, आणि हलक्या भारावर फॅन न फिरवणारे एसएमपीएसही असतात, म्हणून पंखा थांबलेला दिसला तरी तो मेला असं धरायचं नाही.

कूलरला एवढ्यात हात लावू नकोस. तुझ्या प्रोसेसरच्या पिना खालच्या बाजूला त्याच्याच अंगाला आहेत. पेस्ट सुकून घट्ट झालेली असते, कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि पिना वाकतात. काढायचाच झाला तर स्क्रू सोडवून डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सैल कर, मग उचल.

आतमध्ये पालीची लेंडी, झुरळाचे पाय, कोळिष्टक दिसलं तर किळस करू नकोस, मुकाट्यानं साफ कर. दहा दिवस बंद असलेल्या घरात कॅबिनेट ही त्यांना फार आवडती जागा. आपल्याकडची धूळही कोरडी नसते. वन रूम किचनमध्ये फोडणीचा तेलकट धूर सगळीकडे फिरतो, त्यावर धूळ चिकटली की ब्रशनं निघत नाही. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटानं धरून ठेव, नाहीतर ती वेड्यासारखी फिरतात आणि बेअरिंग जातं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते सांगते. दुखतं तिथेच रोग असतो असं या यंत्रात नाही. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या महागड्या प्रोसेसरांचं काय झालं ते ऐकलंस? गेम मध्येच बंद पडायचे आणि पडद्यावर यायचं, की ग्राफिक्सची मेमरी संपली. जगभरात लोकांनी कार्डं तपासली, ड्रायव्हर बदलले, काहींनी कार्डंच बदलली. दोष निघाला प्रोसेसरमध्ये. तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागून स्वतःचीच झीज करून घेत होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलनं त्यासाठी मायक्रोकोडचा अपडेट दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जे आधीच झिजले होते ते मात्र बदलूनच घ्यावे लागले. पडद्यावरचा निरोप इतका स्पष्ट असूनही भलतीकडे बोट दाखवत होता. मग ‘एसएमपीएसच गेलाय’ असं मशीन न बघता सांगणाऱ्या मित्रावर किती विसंबायचं ते तू ठरव. तो मुलगा चांगला आहे, त्याला तोडून बोलू नकोस. फक्त त्याला विचार, ‘कशावरून?’ उत्तर असेल तर ऐक.

मशीन उठल्यावरही लगेच सुटलीस असं समजू नकोस. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घाल आणि रात्रभर चालू ठेव. एकसुद्धा चूक दाखवली तर ती रॅम किंवा तो स्लॉट संशयित. एखादी चूक चालते असं कुणी म्हणालं तर मानू नकोस, त्या एका चुकीनं तुझी फाइल कधी खराब होईल ते कळणारही नाही. रॅमचा वाढीव वेग त्यानंतरच बायॉसमधून पुन्हा चालू कर.

आणि ते जुनं कॉम्प्युटर टेबल, ज्याच्या खालच्या कप्प्यात तू कॅबिनेट कोंबलं आहेस, दार लावून. तो कप्पा ज्या काळातल्या मशीनांसाठी केला, त्यांत असलं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की तुझं मशीन तिथे गुदमरेल. नव्वद अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर आपला वेग कमी करतो, गेम अडखळायला लागतो, म्हणजे उष्णता आधी सूचना देते. काही सूचना न देता, निळा पडदाही न दाखवता, खेळताना खाडकन बंद पडलं तर मात्र एसएमपीएसवर संशय घ्यायचा. त्यावेळी विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल. ते वाचून लोक एसएमपीएसला दोष देतात, पण ती नोंद एवढंच म्हणते, की मशीन आधी नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, हे ती सांगत नाही. दार काढून टाक, कॅबिनेट बाहेर घे, पण जमिनीवर ठेवू नकोस. तुम्ही तळमजल्याला आहात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेव्हा उपनगरांतल्या तळमजल्यांत पाणी शिरून टेबलाखालची मशीनं बुडाली. फूटभर उंच स्टूल पुरे.

दुकानाचं आता. खरं सांगते, मला या एका गोष्टीचा अजून राग येतो. मी पार्ट घ्यायला गेले आणि सोबत भाऊ असला, तर दुकानदार उत्तर त्याला देतो. प्रश्न मी विचारलेला असतो. त्यावर भांडून उपयोग नाही, माझा उपाय वेगळा आहे. ‘चालू होत नाही’ असं म्हणायचंच नाही. ‘डीरॅमचा दिवा पेटून राहतो, दोन्ही रॅम ए२ मध्ये एकेक करून लावल्या, बॅटरी बदलली, बायॉस रीसेट केला, तरी तसंच आहे’ असं म्हणायचं. वही समोर ठेवायची. काउंटरपलीकडचा माणूस तुझ्याकडे वळून बोलायला लागतो, आणि ‘बोर्ड गेला, नवा घ्या’ हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या सहज निघत नाही. तो बोर्ड काढून आपल्या बाकावर आपल्या रॅमनं लावून दाखवायला तयार असेल तर तो माणूस धरून ठेव. नुसतं मान हलवून किंमत सांगणाऱ्याकडे थांबू नकोस.

पार्ट उसना मिळत असेल तर विकत घेण्याआधी उसना मागून लावून बघ. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाकडे तुझ्यासारखीच डीडीआर४ रॅम आहे, मी त्याच्याशी बोलून ठेवते.

वॉरंटी विसरू नकोस. खोका असलेल्या रायझनला तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा, रॅमला कित्येक कंपन्या दहा वर्षं किंवा त्याहून जास्त देतात. काही कंपन्या बिल मागतात, काही सिरियल नंबरवरून बघतात. म्हणून जीएसटीचं बिल आणि खोके दोन्ही हवेत. बिलांचे फोटो फोनमध्ये असू देत, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात. वॉरंटीत असून कुणी टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवली की बरीच प्रकरणं पुढे कोर्टापर्यंत न जाता मिटतात.

आणि नाहीच उठलं तर लॅमिंग्टन रोड आहेच. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असतं, बोलताना लॅमिंग्टनच. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारी दुपारी जाऊ. गर्दी उतरलेली असते. कॅबिनेट घेऊन दादरचे जिने चढू नकोस. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोनं मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याहून भुयारी मेट्रो थेट ग्रँट रोडला नेते, २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे. निघण्याआधी ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं, टॉवेलात गुंडाळून पिशवीत घे, नाहीतर हिसक्यांनी बोर्डवरचा स्लॉट मोडतो. मी बोरिवलीहून स्लो पकडून येते. सॉकेटचं आणि रॅमचं काय झालं ते शुक्रवारी रात्रीपर्यंत कळव, म्हणजे कुठल्या दुकानात आधी शिरायचं ते ठरवता येईल.